रक्तपिपासूंची एक जपानी चित्रमालिका



गेल्या सहामाहीच्या अखेरीस इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्याचे वडील मजकडे आले. मुलगा रात्रीं मोबाइलवर प्रेतांचीं चित्रें पाहतो, अभ्यासांतून त्याचें मन उडालें आहे, तेव्हां शाळेनें त्यास समज द्यावी, असें त्यांचें म्हणणें होतें. मुलास बोलाविलें. त्यानें मान खालीं घालून सांगितलें कीं, तीं नुसतीं प्रेतांचीं चित्रें नव्हेत, 'शिकी' नांवाची एक जपानी मालिका आहे, आणि ती फार चांगली आहे. "सर, तुम्ही आधीं पाहा आणि मग मला रागवा." त्याचें म्हणणें न्यायाचें होतें. न वाचलेल्या उत्तरपत्रिकेस गुण देण्याची मला संवय नाहीं. म्हणून दिवाळीच्या सुटींत मीं ती मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. भाग २२, प्रत्येक सुमारें २४ मिनिटांचा. पाहून झाल्यावर माझें मत एक राहिलें नाहीं, तीं दोन झालीं. आणि दोन्ही अद्याप एकमेकांशीं भांडत आहेत.

ज्या पालकांस हा प्रकारच अपरिचित आहे त्यांच्यासाठीं प्रथम थोडें सांगितलें पाहिजे. हलत्या चित्रांच्या जपानी पटांस व मालिकांस 'ॲनिमे' म्हणतात. ॲनिमेशन ह्या इंग्रजी शब्दाचें जपानी तोंडांत झालेलें तें लघुरूप होय. दूरचित्रवाणीवर दर आठवड्यास अर्ध्या तासाची चित्रकथा देण्याचा पायंडा ओसामु तेझुका ह्या चित्रकारानें पाडला. त्याची 'ॲस्ट्रो बॉय' ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजीं सुरू झाली. पडद्यावर एका सेकंदांत २४ चौकटी सरकतात. प्रत्येक चौकटीस नवें चित्र काढूं म्हटल्यास आठवड्याचें काम वर्षांतही उरकावयाचें नाहीं. म्हणून एकच चित्र तीन चौकटींपर्यंत तसेंच ठेवावयाचें आणि सेकंदास आठ चित्रांत भागवावयाचें; पुष्कळदां तर सर्व देह स्थिर ठेवून ओठ तेवढे हलवावयाचे. ही काटकसर गरिबींतून आली, परंतु भयकथेच्या ती चांगलीच पथ्यावर पडली आहे. स्थिर चेहरा, रातकिड्यांचा आवाज, आणि पुढें कांहीं घडत नाहीं, ह्यानें जितका थरकांप होतो तितका धांवाधांवीनें होत नाहीं.

'शिकी' ही मूळची फुयुमी ओनो ह्या लेखिकेची १९९८ सालची मोठी कादंबरी. तिच्यावरून प्रथम र्‍यू फुजिसाकी ह्यानें चित्रकथा काढली, आणि २०१० च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत तेत्सुरो आमिनो ह्यांच्या दिग्दर्शनाखालीं तयार झालेली ही मालिका जपानांतील फुजी दूरचित्रवाणीवर दाखविण्यांत आली. दाखविण्याची वेळ मध्यरात्रीनंतरची होती. पालकांनीं एवढें एक लक्षांत ठेवावें : चित्रांत आहे म्हणून गोष्ट मुलांची, असें जपानी लोक समजत नाहींत, आपणच तसें समजतों. ओनोबाईंनीं आपल्या कादंबरीच्या प्रेरणेचें ऋण उघडपणें मान्य केलें आहे. तें ऋण अमेरिकन लेखक स्टीफन किंग ह्याच्या १९७५ सालच्या 'सेलम्स लॉट' ह्या कादंबरीचें. त्याच कादंबरीच्या आधारानें आपल्या नारायण धारपांनीं 'लुचाई' लिहिली, तेव्हां ज्या वडीलधाऱ्यांनीं तरुणपणीं कंदिलाशीं बसून 'लुचाई' वाचली असेल, त्यांनीं मुलांवर फार डोळे वटारूं नयेत.

कथा ज्या गांवांत घडते त्याचें नांव सोतोबा. जपानांत थडग्यामागें मृताच्या नांवानें लांकडाच्या उंच अरुंद फळ्या उभ्या करतात, त्यांस सोतोबा म्हणतात. आणि हा शब्द म्हणजे आपला 'स्तूप' होय. बौद्ध भिक्षूंबरोबर तो चीनमार्गें तेथें गेला आणि वाटेंत इतका झिजला कीं, घरच्यांनींही ओळखूं नये. 'शिकी' ह्या शब्दाची हकीकत तर याहून मौजेची आहे. तो लिहिण्याचीं अक्षरें दोन : एकाचा अर्थ प्रेत, दुसऱ्याचा पिशाच. जुन्या चिनी बौद्ध ग्रंथांत 'वेताळ' ह्या संस्कृत शब्दाचें भाषांतर तीन अक्षरांनीं केलेलें आढळतें, अर्थ 'उठणारें प्रेतपिशाच'. त्यांतील शेवटचीं दोन अक्षरें तींच हीं. विक्रमराजाच्या खांद्यावरील तो वेताळ! रिचर्ड बर्टन ह्या इंग्रज पंडितानें १८७० सालीं वेताळाच्या गोष्टी इंग्रजींत आणतांना त्यास युरोपांतील रक्तपिपासूचेंच नांव देऊन टाकलें. माझ्या मतें ह्यांत वेताळावर थोडा अन्याय झाला. आमचा वेताळ कोडीं घालतो आणि न्यायाचा निवाडा मागतो; त्यास रक्तापेक्षां वादाची भूक अधिक.

आतां कथा. भोंवतीं देवदारासारख्या सूचिपर्णी वृक्षांचें रान, मध्यें हजार-दीड हजार वस्तीचें खेडें. उन्हाळा कडक. टेंकडीवरील ओस वाड्यांत एके रात्रीं एक श्रीमंत कुटुंब राहावयास येतें, आणि गांवांत माणसें मरूं लागतात. अंग फिकें पडतें, भूक जाते, तीन-चार दिवसांत सर्व आटोपतें. गांवचा डॉक्टर तोशिओ ओझाकी प्रथम सांथ समजून शोध करतो. रक्त तपासतो, नोंदी ठेवतो, कोण कोणास भेटलें होतें हें विचारतो. शोध करतां करतां जें निष्पन्न होतें तें मानण्यास त्याची बुद्धि धजत नाहीं : मेलेल्यांतील कांहीं जण उठत आहेत आणि जिवंतांचें रक्त पीत आहेत. सूर्यप्रकाश त्यांस भाजतो; दिवसा तीं प्रेतवत् पडून असतात; ज्यास चावावें तो त्यांच्या आज्ञेंत राहतो; आणि आंतून कोणीं 'या' म्हटल्यावांचून त्यांस परक्या घराचा उंबरा ओलांडतां येत नाहीं. हा शेवटचा नियम युरोपीय कथांतून आला आहे, परंतु जेथें दाराला कुलूप लावण्याची संवय नसते आणि दारीं आलेल्यास 'या, बसा' म्हणणें हाच शिष्टाचार असतो, अशा खेड्यांत तो नियम किती भयंकर होतो, हें पाहण्यासारखें आहे.

येथें इतिहासाचा एक धागा सांगणें जरूर आहे, कारण डॉक्टर ओझाकीसारखे डॉक्टर खरोखरीच होऊन गेले. १७२५ ते १७३२ ह्या काळांत सर्बियांतील कांहीं खेड्यांत, मेलेला माणूस उठून गळा दाबतो व रक्त पितो, अशी आवई उठली. तो मुलूख त्या वेळीं ऑस्ट्रियाच्या अमलाखालीं होता. सरकारी अधिकारी व लष्करी शस्त्रवैद्य तेथें गेले, थडगीं उकरलीं, आणि ओठांवर ताजें रक्त व फुगलेलें शरीर पाहून त्यांनीं तसे अहवाल लिहिले. ते अहवाल युरोपभर वाचले गेले, आणि रक्तपिपासू हा शब्द घरोघर पोहोंचला. पुढें १७५५ सालीं महाराणी मारिया थेरेसा हिनें आपला राजवैद्य व्हान स्वीटन ह्याचा सल्ला घेऊन थडगीं उकरण्याची व प्रेतें जाळण्याची ही चाल बंद पाडली. आज आपणांस माहीत आहे कीं, कुजतांना शरीरांत वायु सांचतो, पोट फुगतें, आणि काळसर द्रव तोंडावाटे बाहेर येतो. थंड जमिनींत पुरलेलें शरीर पुष्कळ दिवस टिकतें. आणि घरांत एकापाठोपाठ एक माणूस मरूं लागलें तर त्याचें कारण बहुधा सांथीचा रोग असे. लोकांनीं रोगास चेहरा दिला, एवढेंच. ओनोबाईंनीं हा क्रम उलटा फिरविला आहे. त्यांच्या गांवांत शहाणे लोक सांथ सांथ म्हणत राहतात, आणि खरी गोष्ट ती जुनी आवईच असते.

मला न आवडलेलें आधीं सांगून टाकतों. पात्रांचे केंस! पिकलेल्या कणसासारखे उभे, कोणाचे गुलाबी, कोणाचे जांभळे. खेड्यांतल्या पोरीच्या अंगावर नाटकवाल्यांचा पोशाख. पहिले पांच-सहा भाग इतके संथ आहेत कीं, माझी पत्नी शेजारीं बसून मटार सोलत होती ती मटार संपल्यावर उठून गेली ती पुन्हां आली नाहीं. पात्रें फार, नांवें आपल्या कानांस सारखीं. शेवटच्या तीन-चार भागांत रक्ताचा जो पूर आहे तो दाखविण्याची गरज होती हें मला अजून पटलेलें नाहीं. आणि डॉक्टरच्या हातून स्वतःच्या बायकोच्या बाबतींत शास्त्राच्या नांवाखालीं जें घडतें तें मीं येथें लिहीत नाहीं. तो भाग पाहून मला रात्रीं झोंप लागली नाहीं. दहावीच्या आंतील कोणाही मुलानें तो पाहूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे, आणि मला मालिका सुचविणाऱ्या विद्यार्थ्यासही मीं तें सांगितलें.

पण माझा खरा राग निराळ्याच गोष्टीचा होता. जपानांत आज शंभरांतील नव्याण्णवांहून अधिक मृतांस अग्नि दिला जातो. सोतोबा मात्र जुन्या चालीप्रमाणें मृतांस पुरणारें गांव आहे, आणि ह्या एका चालीवर सारी कथा उभी आहे. राख उठत नाहीं. आम्ही ख्रिस्ती लोक मातीस माती देतों. माझी आई मागल्या वर्षीं उन्हाळ्यांत वारली. गांवीं, मंडळीच्या दफनभूमींत, वडिलांच्या शेजारीं कडुनिंबाखालीं तिला ठेविलें. मालिकेंत नात्सुनो नांवाच्या मुलाचा मेलेला मित्र एका रात्रीं त्याच्या खिडकीबाहेर येऊन उभा राहतो. तें पाहून मीं संगणक बंद केला आणि दोन दिवस पुन्हां लाविला नाहीं. ज्या जागेस आम्ही विसाव्याची जागा म्हणतों तिची ह्या लोकांनीं भीतीची जागा केली, असें मनांत येऊन मी फार अस्वस्थ झालों.

तिसऱ्या दिवशीं पुन्हां बसलों, तें केवळ विद्यार्थ्यास शब्द दिला होता म्हणून. आणि मग जें पाहिलें त्यानें माझें दुसरें मत बनलें. तो मेलेला मित्र चावतो खरा, परंतु रडत चावतो. उठलेल्यांपैकीं कोणीही राक्षस म्हणून जन्मास आलेला नाहीं; काल जो दुकानदार, शेतकरी, शाळकरी मुलगी होता, तोच आज भुकेला आहे. त्यांची मुख्य सुनाको ही दिसण्यांत लहान मुलगी. ती जंगलांतील एका पडक्या प्रार्थनामंदिरांत मुरोई नांवाच्या तरुण बौद्ध पुरोहितास भेटते. हा पुरोहित कादंबऱ्या लिहितो. तो जी गोष्ट लिहीत आहे तींत एक भाऊ दुसऱ्यास ठार करून देशोधडीस लागतो, आणि मेलेला भाऊ न बोलतां त्याच्या मागून चालत राहतो. काइन आणि हाबेल! जपानी खेड्यांतल्या बौद्ध मठांत उत्पत्तीच्या पुस्तकांतील हे दोघे भाऊ भेटतील, अशी मला मुळींच अपेक्षा नव्हती. वर्गांत हा पाठ मीं अनेक वर्षें शिकविला. मारणाऱ्यास पुढें झोंप कशी लागली असेल, हा प्रश्न कधीं विचारला नव्हता.

ज्यांस शेवट आधीं कळूं नये असें वाटतें त्यांनीं पुढील परिच्छेद सोडून द्यावा.

गांवकऱ्यांस सत्य कळतें तें देवळाच्या जत्रेंत. त्या रात्रीपासून पारडें फिरतें. हातांत खुंट आणि हातोडे घेऊन माणसें घरें धुंडाळतात, दिवसा निजलेल्यांस ओढून बाहेर काढतात. प्रथम हात कांपतात; मग कांपत नाहींत. बायका प्रेतें वाहतां वाहतां गप्पा मारतात. मग ज्यांनीं रक्तपिपासूंस मदत केली असा नुसता संशय आहे, अशा जिवंत माणसांवरही हात पडतात. ह्या भागांत माझी सहानुभूति कोणाकडे आहे हें मलाच कळेनासें झालें, आणि लेखिकेस तेंच पाहिजे असावें. ह्या सर्व गोंधळांत एक परिचारिका आहे, रित्सुको नांवाची. ती मरते, उठते, आणि तिच्यापुढें तिच्याच दवाखान्यांतील एका सोबतिणीस आणून ठेवण्यांत येतें : हिचें रक्त पी, नाहीं तर उपाशी मर. ती भुकेनें तळमळते, परंतु सोबतिणीस चावत नाहीं. तिला भाषण दिलेलें नाहीं, संगीताचा कल्लोळ नाहीं. 'भूक लागली तर कोणीही असेंच करील' हें जें वाक्य मालिकेंतील प्रत्येक पात्र या ना त्या शब्दांत उच्चारतें, तें हिच्यापाशीं येऊन खोटें ठरतें. माझ्या मतें सर्व २२ भागांचें मोल ह्या थोड्या मिनिटांत आहे. आणि चमत्कार असा कीं, मीं वर्गांतील मुलांस विचारलें तेव्हां बहुतेकांस डॉक्टर आठवत होता, हिचें नांव आठवत नव्हतें.

त्या वडिलांस मीं बोलावून घेतलें आणि हें सर्व थोडक्यांत सांगितलें. मालिका वाईट नाहीं, मुलाच्या वयास जड आहे. बंद करण्याऐवजीं उरलेले भाग त्याच्याशेजारीं बसून पाहतां आले तर पाहावे, आणि मोबाइल रात्रीं दहानंतर आपल्या उशाशीं ठेवावा, असा सल्ला दिला. त्यांनीं दुसरी गोष्ट तत्काळ मान्य केली. पहिलीविषयीं म्हणाले, "पाहूं."

मुलगा मात्र दुसऱ्या दिवशीं शिक्षकदालनाच्या दाराशीं उभा. "सर, एक विचारूं? रात्रीं तुमच्या ओळखीचें कोणी मेलेलें माणूस दाराशीं आलें आणि म्हणालें, मला आंत घे. तर तुम्ही कडी काढली असती काय?"

माझ्या डोळ्यांपुढें कडुनिंब आला. खोटें बोलवेना. म्हणालों, "काढली असती."

तो थोडा वेळ विचारांत पडला. मग हळूच म्हणाला, "मग सर, तुम्ही पहिल्या पांच भागांतच गेला असतां."