‘आईला सांगू नको हं!’

रात्रीचे साडेनऊ. जठारपेठेतल्या घरात जेवणं आटोपलीत, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलाय आणि स्क्रीनवर जर्मनीत एमएस करणारा धाकटा. तिकडे संध्याकाळचे सहा.

‘काय करून राहिला?’
‘काही नाही, बसलो.’
‘आवाज काहून असा येऊन राहिला?’
‘नेटवर्क आहे गं.’

कॉल संपतो. दोन मिनिटांत पुण्यातल्या ताईला मेसेज : ‘तीन दिवस ताप आहे. आईला सांगू नको हं.’ ताईकडे आधीच एक गुपित जमा असतं. बाबांची शुगर वाढलीय आणि आईने बजावलंय, ‘त्याला नको सांगू, पेपर आहेत त्याचे.’

ओळखीचं वाटतंय? मग तुम्हीही त्यातलेच! भावंड परदेशात, आई-बाबा अकोल्यात आणि तुम्ही पुण्या-मुंबईत नोकरीला. जाणाऱ्याचं कौतुक होतं, मागे राहिलेल्यांची काळजी केली जाते. मधल्या माणसाचं मात्र टेलिफोन एक्स्चेंज होतं. दोन्हीकडचं खरं फक्त त्यालाच माहीत!

धाकटा लपवतो, कारण त्याला आकडे पाठ असतात. बँकांच्या मॉडेल एज्युकेशन लोन योजनेत कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण लागतं. म्हणजे बहुतेकदा घर, नाहीतर बाबांनी हौसेने घेतलेला प्लॉट. जर्मनीचा व्हिसा हवा तर ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे दाखवायचे. सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो. त्यातून महिन्याला हाती येतात ९९२. २०२४ पासून तिथे वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, म्हणून तो करतो. घरी ‘पार्ट टाइम’ एवढंच ठाऊक असतं. गोदामात खोकी उचलतो, हे तुम्हाला. प्लॉट गहाण टाकून गेलेला मुलगा ‘मला इथे करमत नाही’ असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

आणि करमत नाहीच. अकोल्याच्या पंचेचाळीस डिग्रीत वाढलेला पोरगा डिसेंबरात चार-साडेचारलाच अंधार बघतो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला येतात, तेव्हा मित्र व्हिडिओ कॉल लावून फोन गर्दीत उंच धरतात. हा तिकडे रूमवर, आवाज म्यूट करून. रोडगे आणि वांग्याच्या भाजीचे फोटो पाठवणाऱ्या मावश्यांना तर खरं म्हणजे ब्लॉकच करायला हवं!

लपवणं नवं नाही. आपल्या पीकेव्हीला ज्यांचं नाव आहे ते डॉ. पंजाबराव देशमुख, अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. ते १९२० मध्ये विलायतेला गेले, एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकले आणि १९२६ मध्ये परतले. सगळा कारभार बोटीच्या टपालावर. त्या काळी पत्र पोचेपर्यंत ताप उतरलेला असायचा, मुद्दाम लपवायची गरजच नव्हती. नव्वदच्या दशकात आयएसडी बूथवर लाल आकडे पळत असायचे, त्यामुळे जेवढ्यास तेवढं बोलणं. २०१६ मध्ये जिओ आलं, व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल आला आणि चेहराच दिसायला लागला. आता रोज अर्धा तास हसतमुख राहावं लागतं. दोन्हीकडून!

तोपर्यंत गंमत. पण एखाद्या दिवशी बाबांना छातीत दुखून अॅडमिट करतात आणि घरात ठरतं, सेमिस्टर संपेपर्यंत सांगायचं नाही. पुढे कधीतरी ते बाहेर येतंच. तेव्हा तो आई-बाबांवर चिडत नाही. तुमच्यावर चिडतो : ‘ताई, तूसुद्धा?’ या प्रश्नाला ‘तुझे पेपर होते’ हे उत्तर फार तोकडं पडतं.

म्हणून विमान सुटण्याआधी, बॅगेचं वजन करता करताच ठरवून टाका. सर्दी-खोकला, रूममेटशी भांडण, एखाद्या पेपरात दांडी गुल... हे गुपित चालेल. हॉस्पिटल, पैशांची खरी अडचण, रात्र-रात्र झोप नाही... हे त्याच दिवशी सगळ्यांना कळणार. आई ‘कशाला उगाच’ म्हणेलच, पण तिच्यासमोर बोला. म्हणजे सांगितल्यावर चहाडी केल्यासारखं होत नाही.

अचानक यायचं झालं तर विमान मुंबईला उतरणार, पुढे अकोल्यापर्यंत रात्रभराची रेल्वे. तेव्हा तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा आणि त्यांना ईएमआयसाठीसुद्धा हात लावू नका. भावंड अमेरिकेत असेल तर त्याच्या आय-ट्वेंटीवर कॉलेजची ट्रॅव्हलची सही आहे का, हे आजच विचारा. शिकत असताना ती वर्षभरच चालते. सहीशिवाय घाईत निघालेला मुलगा घरी पोचतो, परत जाताना अडकतो. आणि जठारपेठेतल्या घराची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे असू द्या. पुण्याहून तुम्ही निघालात तरी पोचायला रात्र जाते, काकू दोन मिनिटांत पोचतात.