चौथी झाली, लेकरू आश्रमशाळेत चाललं. पहिले दोन महिने लक्ष द्या

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. आपल्याकडे नेमकी तेव्हाच धानाच्या पऱ्यांची घाई असते. भामरागड, एटापल्ली, धानोरा, जिवतीकडे बऱ्याच गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथी-पाचवीपर्यंतच. मग दहा वर्षांचं लेकरू पेटी घेऊन आश्रमशाळेत जातं आणि मायबाप रोवणीत अडकतात. पोळ्याला घरी आलेलं पोरगं परत जायला नाही म्हणतं, तेव्हा कुठं घरच्यांना कळतं की तिथं काहीतरी बिनसलं आहे.

‘याला अभ्यास जमत नाही’ असं लगेच म्हटलं जातं. माझ्या मते पुष्कळदा अडचण अभ्यासाची नसून भाषेची असते. गोंडीत पाण्याला येर म्हणतात. गावातल्या गुरुजींना सवयीनं ते समजायचं. नव्या शाळेत पोट दुखतं, लघवीला जायचं आहे, पांघरूण ओलं झालं, हेसुद्धा मराठीत सांगावं लागतं. सांगता आलं नाही की लेकरू गप्प बसतं आणि गप्प बसलं की ‘मठ्ठ’ ठरतं. त्यात गडचिरोलीचा पावसाळा म्हणजे हिवतापाचा हंगाम. अंगात ताप असलेलं लेकरू बोललंच नाही, तर जिवावर बेतू शकतं.

हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला, तेव्हा डॉक्टर प्रकाश आणि मंदाताई आमटे आधी माडिया शिकले. शाळा नंतर, १९७६ मध्ये निघाली. प्रत्येक शिक्षकाला पूर्ण गोंडी-माडिया येईल असं नाही, पण ताप, पोट, भूक, पाणी, भीती असे वीस शब्द आठवड्यात शिकता येतात. त्याहून सोपं म्हणजे त्याच भाषेचा सातवी-आठवीतला एक पोरगा महिनाभर नव्या पोराच्या सोबतीला द्यायचा. जेवायला, आंघोळीला, झोपायला शेजारी. याला एक रुपया लागत नाही.

मायबापांनी पोळ्याची वाट पाहू नये. दुसऱ्या आठवड्यातच एक दिवस रोवणी सोडून भेटून यावं. अधीक्षकांना सांगावं की लेकराला काय चालत नाही, रात्री भीती वाटते का, आजार कोणता आहे. फोनचा वार ठरवून घ्यावा, कारण आपल्याकडे नेटवर्क टेकडीवर चढल्यावरच मिळतं. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते, हे लेकराला आधीच सांगून ठेवा. नाहीतर मायबाप आपल्याला विसरले असं त्याला वाटतं. निघताना ‘उद्या येतो’ असं खोटं तर अजिबात बोलू नका.

पोरगं जंगलवाटेनं पळून घरी आलंच, तर आधी जेवू घाला, शाळेला लगेच कळवा, मग विचारा. मारून परत पाठवलं तर पुढच्या वेळी ते घरीही येणार नाही, आणि वाटेत नाले भरलेले असतात.

आता कागदाचं. टीसी नाही म्हणून पहिली ते आठवीचा प्रवेश अडवता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये तसं स्पष्ट आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल, तर जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी टीसी ताबडतोब द्यायची असते. यू-डायस प्लसवर नाव नव्या शाळेत गेलं का, तेही विचारा. मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्यांनी शक्यतो लेकरू आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवावं. राज्यातच दुसऱ्या गावी कामाला नेत असाल, तर गावच्या शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्या, तिथली शाळा त्यावर बसवून घेते.

आश्रमशाळेत ऐकून घेत नसतील, तर आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ही कार्यालयं गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूरला आहेत. लेकराला मारहाण होत असेल, तर १०९८ वर फोन करा.