तोळामासा प्रकृतीचे सरकार

१९९१च्या जुलै महिन्यात मी एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत सोनेतारणाच्या टेबलावर बसत होतो. पाटल्या ठेवायला आलेले एक वृद्ध शेतकरी कागदावर अंगठा उठवता उठवता म्हणाले, "सायेब, दिल्लीच्या सरकारनं बी सोनं ठिवलं म्हनं. मग आमाला कसली लाज?" मला उत्तर सुचले नाही.

नरसिंह रावांचे सरकार तेव्हा जेमतेम तीन आठवड्यांचे होते. २१ मे रोजी राजीव गांधींची हत्या झाली आणि बरोबर महिन्याने, २१ जूनला, रावांनी शपथ घेतली. ती निवडणूक त्यांनी लढवलीच नव्हती. रामटेकचे दोन वेळचे खासदार, हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेणारा हा माणूस निवृत्तीच्या वाटेवर होता. लोकसभेत बहुमत नाही, शरद पवार आणि अर्जुनसिंग हे स्पर्धक मंत्रिमंडळातच बसलेले आणि परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते! आखाती युद्धाने तेल महागले होते, कुवेतहून येणारा पैसा आटला होता आणि अनिवासी भारतीय ठेवी काढून घेत होते.

सोन्याचे पाप मात्र एकट्या रावांच्या माथी मारणे बरोबर नाही. मे महिन्यातच, चंद्रशेखर यांच्या कारकिर्दीत, जप्तीचे २० टन सोने स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडला गेले होते. जुलैत रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन गेले, बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण म्हणून. मिळाले सुमारे ४० कोटी डॉलर. आणि नुसता कागद चालेना. सोने प्रत्यक्ष देशाबाहेर हलवावे लागले. आम्ही तरी दुसरे काय करतो? कर्जदार कितीही सज्जन असो, पाटल्या आमच्याच तिजोरीत हव्यात. पण एका देशाला त्या बाकावर बसलेले पाहणे वेगळे.

त्याच महिन्यात, १ आणि ३ जुलैला, दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले. दुसऱ्या टप्प्याआधी राव कचरले. मनमोहनसिंगांनी रिझर्व्ह बँकेत सी. रंगराजन यांना फोन केला, तर काम उरकलेले होते!

अशा सरकारला दोन ठिकाणी पत राखावी लागते, परदेशी सावकारांकडे आणि संसदेत. आणि एकीकडे पत वाढवणारे प्रत्येक पाऊल दुसरीकडे ती घटवते. १५ जुलैच्या विश्वासदर्शक ठरावावर राष्ट्रीय आघाडी आणि डावे तटस्थ राहिले, म्हणून राव तरले. ही काही प्रेमाची ठेव नव्हती. पुन्हा निवडणूक कोणालाच नको होती, एवढेच. आमच्या भाषेत हा ओव्हरड्राफ्ट, केव्हाही परत मागता येणारा. २४ जुलैला अर्थसंकल्प मांडला गेला. त्याच दिवशी, फारसा गाजावाजा न करता, परवाना राज्य मोडणारे औद्योगिक धोरणही सभागृहात आले. खतांची ४० टक्के दरवाढ मात्र स्वपक्षीयांनीच अडवली. ती ३० टक्क्यांवर आणावी लागली आणि लहान शेतकऱ्यांना वगळावे लागले.

तेवढ्यात जुना आधारही खचला. शस्त्रे सोव्हिएत संघाकडून, व्यापार रुपयांत, अशी आपली घडी. ऑगस्टमध्ये मॉस्कोत बंड झाले तेव्हा, घाईने सुधारणा करणाऱ्यांना हा धडा आहे, अशा अर्थाचे रावांचे उद्गार त्यांच्यावरच उलटले; बंड तीन दिवसांत फसले. डिसेंबरअखेर तो देशच उरला नाही. मग राव नवी खाती उघडू लागले. २९ जानेवारी १९९२ला इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जाहीर झाले, पण त्याआधी यासर अराफत दिल्लीत येऊन गेले होते. जुन्या खातेदाराला न दुखावण्याची ही रीत मला आवडते.

रावांचे मौन आणि थांबून राहणे इथे कामी आले. ६ डिसेंबर १९९२ला तेच थांबणे देशाला किती महाग पडले, हेही विसरता येत नाही.

त्या शेतकऱ्यांनी सुगीनंतर पाटल्या सोडवून नेल्या. देशाचे सोनेतारण कर्जही त्याच वर्षी फिटले; सोने मात्र पुढे कितीतरी वर्षे लंडनच्या तळघरातच राहिले.