सोडवून आणलेल्या गुरांची नव्या गोठ्यातील निगा

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. त्यांच्या प्रेरणेने ११ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत देवनार येथे गोवंशरक्षणासाठी सत्याग्रह सुरू झाला. महाराष्ट्रात बैल व वळू यांच्या कत्तलीवरील बंदी २०१५ पासून अमलात आली. वाहतुकीत पकडलेली गुरे गोशाळा, पांजरापोळ किंवा शेतकऱ्यांच्या गोठ्यात सांभाळण्यास येतात. जनावर गाडीतून उतरले म्हणजे वाचले असे नव्हे. उपासमार, जखमा आणि सोबत आलेले रोग यांमुळे पहिले तीन आठवडे धोक्याचे असतात, आणि हा धोका आपल्या घरच्या गुरांनाही असतो.

उतरविणे व पाणी
मातीचा उतार करून जनावर सावकाश उतरवावे. शेपूट पिरगळू नये. सावलीत विश्रांती देऊन थोडे थोडे पाणी थोड्या थोड्या वेळाने पाजावे. पाण्यात थोडा गूळ व चिमूटभर मीठ घालावे. उठू न शकणाऱ्या जनावराखाली पेंढ्याचा जाड थर द्यावा व दर तीन-चार तासांनी कूस बदलावी, अन्यथा खालच्या पायाचे स्नायू निकामी होतात.

चारा हळूहळू वाढवावा
भुकेलेल्या जनावरापुढे दयेपोटी भरडा, शिळा भात किंवा भाकरी ठेवणे घातक ठरते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील सूक्ष्म जीव उपासाने कमी झालेले असतात. एकदम पिष्टमय खाद्य मिळाल्यास आम्ल वाढते व जनावर दगावू शकते. पहिले दोन-तीन दिवस वाळले गवत व भाताचा पेंढा द्यावा, नंतर थोडा हिरवा चारा. आंबोण पाव किलोपासून सुरू करून दहा ते चौदा दिवसांत वाढवावे. युरिया प्रक्रिया केलेला पेंढा अशक्त जनावरास देऊ नये. खनिज मिश्रण मात्र जरूर द्यावे.

२१ दिवस वेगळे बांधावे
नवीन गुरांची गव्हाण, पाण्याचे भांडे व दावी वेगळी असावीत. घरच्या गुरांचे काम आधी उरकून नंतर नव्यांकडे जावे व शेवटी हातपाय धुवावेत. रोज ताप पाहावा. गाईचे नेहमीचे तापमान साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. लाळ गळणे, लंगडणे, अंगावर गाठी येणे किंवा लाल लघवी दिसल्यास पशुवैद्यकास ताबडतोब बोलवावे. लाल लघवीचा रोग गोचिडांमुळे पसरतो. म्हणून गोचिडांचा बंदोबस्त पहिल्याच आठवड्यात करावा.

कोकणात भातखाचरे व खारजमिनीतील डबक्यांत गोगलगायी असतात. त्यांच्यामार्फत यकृतातील चपटे कृमी जनावरात शिरतात. त्यामुळे शेणाची तपासणी करूनच जंतनाशक निवडावे. गाभण किंवा गर्भपात झालेल्या गाईची ब्रुसेला रोगासाठी रक्ततपासणी करावी. हा रोग माणसासही होतो. वार उघड्या हाताने काढू नये व कच्चे दूध पिऊ नये. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या व लम्पी त्वचारोग यांच्या लसी जनावर सावरल्यावर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने टोचाव्यात.

कळपात मिसळणे
मुदत संपल्यावर दोन-तीन गुरे एकत्र सोडावीत. एकटे नवे जनावर शिंगाडले जाते. प्रत्येक मोठ्या जनावरास सुमारे साडेतीन चौरस मीटर छपराखालची व सात चौरस मीटर मोकळी जागा असावी. पावसाळ्यात जमीन कोरडी ठेवावी, कारण ओलाव्याने खूर सडतात. बसून निवांत रवंथ करणे, शेण बांधून पडणे, केसांवर तकाकी येणे व माणसाचा हात सहन करणे ही जनावर रुळल्याची लक्षणे होत.

कागदपत्रे
जप्त केलेल्या गुरांचा कानातील बिल्ला, रंग, वय व प्रकृती यांची नोंद ठेवावी. न्यायालयाचा आदेश होईपर्यंत असे जनावर विकू नये किंवा दुसऱ्यास देऊ नये. मृत्यू झाल्यास पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्यावे व पोलिसांना कळवावे.

आपल्याकडील चारा, पाणी व मनुष्यबळ पाहूनच गुरे स्वीकारावीत. दहा गुरे अर्धपोटी ठेवण्यापेक्षा चार नीट सांभाळणे हिताचे आहे.