झिलईचे भाषांतर : द मॉर्गन आणि मुंबईची मृत्पात्रे

कलारूप एका संस्कृतीतून दुसऱ्या संस्कृतीत जाते तेव्हा त्याचे काय होते, हा तौलनिक साहित्याभ्यासातील मूलभूत प्रश्न केवळ शब्दकृतींपुरता मर्यादित नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सजावटी मृत्पात्रेही त्याच प्रश्नाकडे घेऊन जातात.

इंग्लंडमधील आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीत विल्यम मॉरिस यांचे स्नेही विल्यम द मॉर्गन (१८३९–१९१७) यांनी धातुप्रभ झिलईचे पुनरुज्जीवन केले. हे तंत्र नवव्या शतकात इराकमध्ये बहरले आणि पुढे इराण, स्पेन व इटलीपर्यंत पोहोचले. त्यात, झिलई देऊन भाजलेल्या पात्रावर तांबे वा चांदीच्या संयुगांनी नक्षी रेखाटतात व पात्र सौम्य आचेच्या, धुराने कोंदलेल्या भट्टीत पुन्हा भाजतात. धूर त्या संयुगांतील ऑक्सिजन काढून घेतो आणि पृष्ठभागी धातूचा अतिसूक्ष्म थर उरतो. पाहण्याचा कोन बदलताच त्याची छटा पालटते. हेच द मॉर्गन पुढे, १९०६ साली, ‘जोसेफ व्हान्स’ या कादंबरीमुळे साहित्यिक म्हणूनही प्रसिद्धी पावले.

याच सुमारास, १८७०च्या दशकात, मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत (स्थापना १८५७) जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी मृत्पात्रनिर्मिती सुरू केली. ही पात्रे धातुप्रभ नव्हेत. त्यांची झिलई सिंधच्या परंपरेतील होती. नक्षीसाठी मात्र सिंधी आकृतिबंधांबरोबरच अजिंठ्याच्या चित्रांचाही आधार घेतला गेला. जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात त्या चित्रांच्या प्रती करीत होते.

सिंधमध्ये झिलईच्या फरशा मशिदी व मकबऱ्यांवर शोभत. अजिंठ्याची चित्रे बौद्ध विहारांच्या भिंतींवर होती. मुंबईत तंत्र एकीकडचे, आकृतिबंध दुसरीकडचा आणि प्रयोजन तिसरेच, म्हणजे युरोपीय अभिरुचीच्या दिवाणखान्यातील फुलदाणीचे, असा संयोग घडला. म्हणून ‘अनुकरण’ ही संज्ञा येथे अपुरी पडते. ‘भाषांतर’ हीच अधिक सार्थ ठरते.

परंतु भाषांतरात निवड कोणाची, हा प्रश्न उरतोच. द मॉर्गन यांनी आपला स्रोत स्वतः निवडला, आणि त्यांच्या कार्यशाळेतील फ्रेड पॅसेंजर यांच्यासारख्या सजावटकारांची आद्याक्षरे पात्रांवर आढळतात. मुंबईची पात्रे मात्र बहुधा शाळेच्या वा टेरींच्या नावाने ओळखली जातात. कुंचला धरणारा हात अनामिक राहिला. अजिंठ्याच्या अनेक प्रती १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. त्या पार्श्वभूमीवर ही पात्रे म्हणजे त्या वाचनाचा एक शिल्लक पाठ होय, आणि पाठाचा विचार करताना त्याच्या अनामिक भाषांतरकाराचाही विचार करणे क्रमप्राप्त ठरते.