संध्याकाळी सातचं चार्जिंग

इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या की वीज पुरणार नाही, ही भीती हल्ली सोसायट्यांच्या बैठकांत सर्रास ऐकू येते. हिशेब मांडला की ती निम्मीच खरी ठरते. बॅटरीवरची स्कूटर एका युनिटात साधारण ३० किलोमीटर जाते, म्हणजे शहरातल्या बहुतेकांची रोजची ये-जा तेवढ्यात भागते. अशा १० लाख स्कूटरना दिवसाला १० लाख युनिट लागतील. ती आठ तासांत सारखी विभागली, तर भार १२५ मेगावॉट. पण सगळ्यांनी संध्याकाळी सातला घरी येऊन ७५० वॉटचे चार्जर एकदमच लावले, तर तो ७५० मेगावॉटवर जातो. कोराडीचा ६६० मेगावॉटचा एक अख्खा संचही त्याला अपुरा पडेल. नेमकी याच वेळी सौरवीज थांबलेली असते आणि वाढती मागणी भागवायला कोयनेच्या जलविद्युतचा आधार घ्यावा लागतो. शिवाय राज्यात वीज मुबलक असली तरी ती गल्लीतल्या डीपीतूनच यायची. १०० केव्हीएच्या रोहित्रावर सात किलोवॉटचे १४ कार-चार्जर एका वेळी सुरू झाले, तर घरांसाठी जवळपास काहीच उरत नाही.

म्हणून केंद्राच्या २०२३च्या नियमांनी स्मार्ट मीटर असलेल्यांना उन्हाच्या तासांत किमान २० टक्के स्वस्त वीज देण्याची तरतूद केली, ते योग्यच झालं. पण दुपारी गाडी घरी असतेच कुठे, हा आक्षेप रास्त आहे. ती असते ऑफिसच्या, कॉलेजच्या, रेल्वे स्टेशनच्या पार्किंगमध्ये, आणि सोय तिथेच हवी. त्यासाठी महागडे फास्ट चार्जर लागत नाहीत. गाडी सात-आठ तास उभी राहणार असेल, तर साधं १५ अँपिअरचं सॉकेट आणि मीटर पुरतो. मागणीची वेळ अशी हलवता येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी शेतीपंपांकडे पाहावं. शेतकऱ्याला साप-बिबट्याच्या धास्तीत रात्री पाणी द्यायला लावणारी पाळी आपल्याकडे वर्षानुवर्षं चालली. सौर कृषी वाहिनी योजनेतून तो भार आता दिवसाकडे वळतो आहे. राहिला कोळशाचा मुद्दा: पुण्या-मुंबईतला धूर फक्त चंद्रपूरला गेला, असं टीकाकार म्हणतात. चंद्रपूरची माणसंही तीच हवा श्वासात घेतात, त्यामुळे हा आरोप झटकून टाकता येणार नाही. त्याला उत्तर दुपारच्या चार्जिंगनेच देता येईल, आणि त्यासाठी नव्या इमारतींना परवानगी देतानाच पार्किंगपर्यंत वायरिंग झालंय का, हे महापालिकांनी तपासायला हवं.