रक्तातला दोष आणि पेटीतली डांबरगोळी

‘खाण तशी माती’ असे आपण सहज बोलून जातो. घराण्यात एखादा आजार असला की ‘रक्तातच आहे, इलाज काय?’ म्हणून हात टेकतो. शेतात मात्र आपण असे करीत नाही. गव्हाचे वाण तांबेऱ्याला नाजूक असले, तरी रोगाचे बीज आणि ओलसर हवा मिळाल्याखेरीज तांबेरा पडत नाही, हे आपल्याला ठाऊक असते.

माणसाचेही पुष्कळदा असेच असते. तांबड्या रक्तपेशींचे रक्षण करणारे ‘जी-सिक्स-पीडी’ नावाचे द्रव्य काहींच्या अंगात जन्मतः कमी असते. शिकागोच्या संशोधकांनी १९५६ साली हा दोष ओळखला. तो मुलग्यांत अधिक दिसतो आणि त्यांना आईकडून येतो. आई स्वतः बहुधा धडधाकट असते; तरी तिच्या प्रत्येक मुलग्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. यात आईचा काही अपराध नाही.

असा मुलगा एरवी चांगला खेळतो, राबतो. पण हिवतापावरची प्रायमाक्विन गोळी किंवा कपड्यांतली डांबरगोळी निमित्त झाली, की रक्तपेशी फुटू लागतात. डोळे पिवळे होतात, चेहरा फिका पडतो, धाप लागते, लघवी काळ्या चहासारखी होते. अशा वेळी तडक इस्पितळ गाठावे. प्रसंगी रक्त चढवावे लागते.

हा दोष समूळ जात नाही, पण निमित्त टाळले तर बहुतेकांचे आयुष्य निरोगी जाते. म्हणून आम्ही सुचवितो:

१. डांबरगोळ्यांच्या पेटीतली दुपटी तान्ह्या बाळाला गुंडाळू नयेत. बाळ पिवळे दिसले तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

२. प्रायमाक्विन घेण्यापूर्वी रक्ताच्या तपासणीविषयी विचारावे. हिवतापाचे औषध मात्र मनाने बंद करू नये. दोष असलेल्यांना डॉक्टर ते आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे, देखरेखीखाली देऊ शकतात.

३. नुकताच झटका येऊन गेला असेल तर तपासणी चुकून निर्दोष येऊ शकते. काही महिन्यांनी पुन्हा करावी.

४. दोष आढळल्यास तसा कागद जवळ ठेवून प्रत्येक डॉक्टरांना दाखवावा. भावंडांचीही तपासणी करावी.

बियाणे आपल्या हाती नसते. राखण मात्र आपल्याच हाती असते.